गुडघ्याच्या पानावरचा ब्रेक

आमच्या बेसा भागात घरोघरचे कूलर बाहेर निघाले की उन्हाळा आला असं समजायचं. माणसं स्टुलावर चढून पंपाच्या वायरी तपासतात, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवतात, आणि पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या गवताचा तो वास गल्लीभर पसरतो. बाकीच्यांना त्या वासानं बरं वाटतं. माझा मात्र उजवा पाय ताठ होतो. स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असले तरी तळवा फरशीवर दाबला जातो, जोरात, जणू खाली काहीतरी आहे आणि ते वेळेवर दबत नाहीये.

मागच्या उन्हाळ्यात मला दोन भीती होत्या. वाटेत गाडी बंद पडेल ही एक, आणि त्यामुळे बाबांचं डायलिसिस चुकेल ही दुसरी. तिसऱ्या भीतीचं कारण माझ्या पायाखालीच होतं. ते मात्र मला कळलं नव्हतं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. उमरेड-नागपूर ही त्यांची नेहमीची गाडी. निवृत्तीनंतरही उमरेडलाच राहिले, आई गेली तरी हलले नाहीत. मग किडन्या थकल्या आणि मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला रामदासपेठेत मशीनवर. चार तास. माझे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी, शनिवारी येणारे. म्हणजे गाडी मी चालवायची, आणि कामांची यादी केल्याशिवाय माझं चालत नाही. पहिल्याच आठवड्यात मी फ्रिजवर एक कागद लावला. निघायची वेळ, फाइल, चादर, मोजे, बिनमिठाचा डबा. सगळ्यात खाली एक नियम बाबांसाठी होता: गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला सूचना द्यायच्या नाहीत.

तो नियम लिहावा लागला, कारण पहिल्या तीन फेऱ्यांत त्यांनी मला जीव नकोसा केला होता. गिअर बदल, डावीकडे घे, त्या म्हशीवर भरवसा ठेवू नको. मी कागद दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्हणजे मी पॅसेंजर," ते म्हणाले.

"हो."

"पॅसेंजरले तिकीट तरी देशीन का नाही?"

पण त्यानंतर खरंच एक शब्द बोलले नाहीत. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस मांडीवर हात ठेवून समोर बघत बसायचा. मला वाटलं, चला, एक प्रश्न सुटला.

नागपूरचा उन्हाळा साध्या माणसालाही सोडत नाही. ज्याच्या अंगातून पाणी बाहेर पडायची वाटच बंद झाली आहे, त्याच्यासाठी तो काय असेल, ते मी रोज बघत होते. बाबांना दिवसाला मोजून पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्यांबरोबरचे घोट आले. मी सकाळी एका बाटलीत तेवढं भरून ठेवायची. दुपारी दोनला ती निम्म्याहून खाली आलेली असायची आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री. ते बर्फाचा एक खडा तोंडात धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. संत्री बंद, आंबा बंद, नारळपाणी बंद. शेजारच्या घरातून पन्ह्याचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची. त्यांच्यासाठी लावायची की माझ्यासाठी, कोण जाणे.

डॉक्टरांनी एकदाच नीट बसवून सांगितलं होतं. एखादी खेप चुकली तर पाणी फुप्फुसात चढतं, माणूस झोपूही शकत नाही, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय पूर्वसूचना देत नाही. मी ते वाक्य वहीत लिहिलं. लिहिलं की गोष्ट आटोक्यात येते असा माझा आयुष्यभराचा समज. हे वाक्य मात्र लिहूनही आटोक्यात आलं नाही. सकाळी किल्ली फिरवताना ते आपोआप आठवायचं.

आणि गाडी नेमकी तेव्हाच बिघडली.

चौदा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, घरातल्या सगळ्यांना सांभाळून घेणारी गाडी. एप्रिलच्या सुरुवातीला ती मानेवाड्याच्या सिग्नलवर पहिल्यांदा थरथरली. आरपीएमचा काटा वर, खाली, वर, खाली, जसा धाप लागलेल्या माणसाच्या छातीचा भाता. मग एक आचका, आणि शांतता. एसी बंद झाला. मिनिटभरात काचा तापल्या. मागचे हॉर्न सुरू झाले. मी किल्ली फिरवत होते, ती नुसती घरघर करत होती. बाबांच्या कपाळावर घाम येत होता आणि माझ्या मनात एकच हिशेब चालला होता: या घामानं अंगातलं पाणी कमी होईल की तहान वाढेल?

शेजारच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली. "काय झालं ताई, धक्का मारू काय?"

"नको, होईल सुरू."

"कवा होईल? लाल झाला पुन्हा सिग्नल."

चौथ्या खेपेला सुरू झाली. ऑटोवाला हसला, "पेट्रोल टाकत जा ताई मधे मधे," म्हणाला आणि निघून गेला. बाबा नियमाप्रमाणे गप्प होते.

तुम्ही विचाराल, रिक्षानं का नाही नेलं? नेलं होतं. सुरुवातीलाच, दोनदा. दुसऱ्या वेळी परतताना बाबांना रिक्षात उलटी झाली. रिक्षावाला काही बोलला नाही, उलट पाणी दिलं. पण बाबांनी उतरल्यावर स्वतःच्या रुमालानं ती सीट पुसायला सुरुवात केली, वाकून, सुईच्या जागी पट्टी बांधलेल्या हातानं. "दुसऱ्याच्या गाडीत घाण केली," एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसवलं नाही.

मग मी गाडीच्या मागे लागले. वहीत तिच्यासाठी एक पान उघडलं. तारीख, ठिकाण, एसी चालू की बंद, इंजिन गार की गरम. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं आधी प्लग बदलले. दोन दिवस बरी चालली, तिसऱ्या दिवशी अजनीला बंद पडली. मग पेट्रोलचा फिल्टर. मग इंजिनात हवा सोडणारं थ्रॉटल साफ केलं. मग त्यानं गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग थोडा वाढवून दिला, म्हणजे ती बंद पडणार नाही. ती बंद पडायची थांबली नाही, फक्त जास्त आवाज करून बंद पडू लागली. प्रत्येक दुरुस्तीसमोर मी खूण करत होते, आणि खुणांची रांग वाढत होती.

त्या दिवसांत मला कळलं, मला गाडी चालवण्याची भीती नव्हतीच. चालत असताना ती छान चालायची. भीती होती थांबण्याची. मी कमी सिग्नलचे रस्ते शोधून काढले, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील म्हणून गल्ल्यांतून जाऊ लागले. एखाद्या चौकात हिरवा मिळाला की बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. आयुष्यातही मी तशीच आहे, असं तेव्हा एकदा मनात येऊन गेलं. कामात असते तोवर ठीक. बसून राहायची वेळ आली की काहीतरी बंद पडेल असं वाटतं.

एक आवाज मात्र त्या दिवसांत मला धीर द्यायचा. डायलिसिससाठी बाबांच्या डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून वाट केली आहे. फिस्टुला म्हणतात त्याला. तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखं लागतं, कान लावला तर आत वारा वाहतो आहे असं ऐकू येतं. तो आवाज रोज सकाळी तपासायचा. तो थांबला तर वाट बुजली. मी रोज सहाला त्यांच्या मनगटाला कान लावायची. बाबा झोपेतच म्हणायचे, "हाय का चालू?" मी म्हणायची, "चालू आहे." आणि मग आम्ही दोघं गाडीकडे जायचो. तिच्या बॉनेटखालीही तसाच एक बारीक आवाज येत होता. तो मी तपासला नव्हता, मला ऐकूच आला नव्हता.

मे महिन्याच्या अखेरीस, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस सुरू असताना, एका शुक्रवारी ते झालं. रेल्वेच्या पुलावरून उतरत होतो. उतारावर गाड्यांची रांग हळूहळू सरकत होती. दाब, सोड, दाब, सोड. पुढे पाण्याचा टँकर, त्याच्या मागच्या नळातून धार गळत होती. आमची गाडी थरथरली आणि बंद पडली, आणि मी ब्रेक दाबला तर पायाखाली जणू दगड होता. मी सगळा जोर लावला. गाडी सरकत राहिली. टँकरच्या मागे लिहिलेली अक्षरं मोठी होत गेली. गळणारं पाणी आमच्या बॉनेटवर पडू लागलं, त्याची वाफ झाली, आणि मग गाडी थांबली. मधे वीतभर अंतर असेल. हँडब्रेक ओढलेला होता. मला वाटलं, मीच ओढला. एवढ्या घाईत माणूस काय करतो ते त्यालाही आठवत नाही.

बाबांना मशीनवर पोचवलं. नंतर पार्किंगमध्ये मी गाडीत बसून राहिले. मी वही काढली. गाडीच्या पानावर लिहिलं: उतारावर बंद. मग पानं उलटून माझ्या तब्येतीच्या पानावर लिहिलं: उजवा गुडघा, ब्रेक दाबताना शक्तीच नाही. व्यायाम वाढवणे.

बाबांना घ्यायला परत गेले तेव्हा तिथल्या एका नर्सनं, जिच्या भावाची जुनी जीप होती, मला पत्ता सांगितला. "वामनभाऊंकडे न्या. ते पार्ट बदलत नाहीत, आधी ऐकतात."

वामनभाऊंचं गॅरेज म्हणजे मानेवाड्याकडे एका कडुनिंबाखाली टिनाचं छप्पर. साठीचा, किडकिडीत माणूस, कानावर पेन्सिल. शनिवारी सकाळी आम्ही दोघं गेलो, कारण बाबांनी घरी एकटं थांबायला नकार दिला. वामनभाऊंनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत सावलीला बसवलं.

"काकाजी, पाणी?"

"नाई. मले मोजून राह्यते."

वामनभाऊंनी प्रश्न विचारला नाही. स्वतःही बाबांसमोर पाणी प्यायले नाहीत, बाटली घेऊन छपरामागे गेले. तेव्हाच मला तो माणूस विश्वासाचा वाटला.

मी वही उघडून गाडीचं पान वाचून दाखवलं. तारखा, ठिकाणं, बदललेले भाग. ते ऐकत होते आणि मधे मधे पेन्सिलीनं कान खाजवत होते.

"लय व्यवस्थित लिहिलं ताई तुम्ही," ते म्हणाले. "ब्रेकचं काही हाय का यात?"

"नाही. ब्रेक ठीक आहे."

"कडक नाई लागत?"

"नाही. बंद पडते एवढंच."

मी हे अगदी खात्रीनं म्हणाले. खुर्चीत बाबांनी खाकरल्यासारखं केलं आणि कडुनिंबाकडे बघू लागले. वामनभाऊंनी हात पुसला, "पाहू द्या जरा," म्हणून वही घेतली आणि पुढची पानं उलटू लागले. किराणा, औषधं, गॅसचा नंबर. मग थांबले. बराच वेळ एका पानाकडे बघत राहिले.

"ताई, हा गुडघा कोणाचा?"

"माझा."

"मार्चपासून लिहिलंय. ब्रेक दाबताना गुडघ्यावर जोर पडतो. पुढं, ब्रेक दाबताना मांडी दुखते. मग कालचं." त्यांनी वही मिटली. "जिने चढून जाता का घरी?"

"जाते."

"तेव्हा दुखते गुडघा?"

दुखत नव्हता. कधीच दुखत नव्हता. जिन्यावर नाही, बाजारात नाही, फक्त गाडीत दुखायचा. तीन महिने मी सकाळी उठून त्या गुडघ्याचे व्यायाम करत होते. पन्नाशीतल्या बाईला काही जड गेलं की दोष आपल्या हाडांचा असणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की गाडीच्या पानावर त्याला जागाच दिली नाही.

वामनभाऊंनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद. "ब्रेक पाच-सहा बार दाबा. झाला कडक? आता तसाच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पाय खाली गेला पाहिजे थोडा."

मी सुरू केली. पाय जिथे होता तिथेच राहिला.

मग त्यांनी एक रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवत गेले, डॉक्टर छातीवर फिरवतात तसं. एका जागी थांबून त्यांनी नळी माझ्या कानाला दिली. आत वारा वाहत होता. बारीक, अखंड, सुसाट. रोज सकाळी सहाला मी ज्या आवाजासाठी कान लावते अगदी तसाच आवाज, आणि तो इथे असायला नको होता.

"इंजिन हवा आत ओढते," वामनभाऊ सांगत होते. "त्याच ओढण्याच्या जोरावर ब्रेक हलका होते. कुठंतरी नळी फाटली का इंजिन चोरून हवा पिते आणि थांबल्यावर गुदमरते. आणि ब्रेकले काही उरतच नाई. दोन-तीन बार लागोपाठ दाबला का दगड."

खात्री करायला त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात तेलाची वात धुमसत ठेवली आणि पंपानं तो धूर इंजिनात सोडला. आम्ही वाकून बघत होतो. ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीच्या खालच्या अंगाला, जिथे नजर जातच नाही, तिथून धुराची एक निळसर रेघ निघाली. नळी वरून धड होती. खालून बोटभर चिरलेली. उन्हात तापली की चीर उघडायची, गार असताना मिटायची. म्हणून एरवी सकाळी निघताना गाडी चांगली, परतताना वाईट; नवतप्यात तर सकाळचं ऊनही तिला पुरलं. मी एवढ्या तारखा लिहिल्या, पण जाताना की येताना, हे एकदाही लिहिलं नव्हतं.

नवी नळी बसली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. मी पुन्हा सीटवर बसले, पाच-सहा वेळा ब्रेक दाबला, धरून ठेवला, किल्ली फिरवली. पाय अलगद खाली गेला. सुटकेचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र त्या क्षणी गेल्या तीन महिन्यांतला प्रत्येक चौक आठवला. शाळेसमोरचा, भाजीवाल्यांचा, जिथे एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडायची तो. तिथून मी बाबांना शेजारी बसवून गेले होते, थांबता येत नसलेली गाडी घेऊन, आणि मनात काळजी फक्त ती बंद पडायची.

परतताना मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

ते म्हणाले, "बोलू का? गाडीत हाओ आपण."

"बोला."

"मार्चातच कळलं. गाडी उशिरा थांबून राह्यली होती. मी हात ठेवूनच बसत होतो हँडब्रेकवर. काल पुलावर ओढला तं."

मी गाडी कडेला घेतली. "काहून नाही सांगितलं?" रागात माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"तूच तं कागद लावला, बोलायचं नाई म्हणून." मग थोड्या वेळानं, "आणि सांगितलं असतं तं तू घाबरली असती. भेव लागलेला ड्रायव्हर ब्रेककडेच पाह्यत राहते वं माय, रस्त्याकडे नाई. मी पाह्यले तसे लोक." बाहेर बघत पुढे म्हणाले, "गाडी गॅरेजात गेली असती तं मले पुन्हा दुसऱ्याच्या गाडीत बसा लागलं असतं."

म्हणजे तीन महिने, आठवड्याला सहा फेऱ्या, हा माणूस सुईनं टोचलेला हात मांडीवर ठेवून, दुसरा हँडब्रेकवर ठेवून, प्रत्येक सिग्नलला माझ्याइतकाच घाबरून बसला होता. एकाच गाडीत आम्ही दोघं. मला वाटायचं, त्यांनी नियम पाळला.

घरी गेल्यावर मी तो कागद काढला. पण माणसाची गप्प राहण्याची सवय कागद काढल्यानं जात नाही. वर्षभर ते गाडीत फारसं बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कारण गाडी ठीक चालत होती.

या सोमवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा गल्लीत कूलर धुण्याचं काम चाललं होतं. अजनीच्या अलीकडे सिग्नल लागला, मोठा, नव्वद सेकंदांचा. इंजिन संथ चालत होतं. माझा पाय गरज नसताना ब्रेकवर गच्च दाबलेला होता. बाबा या वर्षी बरेच बारीक झाले आहेत. पट्टा त्यांच्या छातीवर सैल पडतो. त्यांच्याकडे बघताना मला वाटलं, हा माणूस कुठेतरी अजून हात ठेवून बसला असेल तर?

"बाबा," मी म्हणाले, "अजून काही आहे का, जे मला सांगितलं नाही?"

त्यांनी सैल पट्टा छातीवर ओढून धरला.

"शेवटचा घंटा," ते म्हणाले. "मशीनवरच्या चार घंट्यांतला. तेव्हा भेव लागते मले. पाय वळतात, थंडी वाजते, डोळ्यापुढं अंधारी येते. वाटते, आता सरलं. मंग मी काचेतून बाहेरच्या खुर्चीकडे पाह्यतो. तू नसते."

मी नसते. ते चार तास माझ्या कामाचे. बँक, भाजी, दळण, औषधं. सगळं उरकून मी मशीन बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी बरोबर हजर असते, आणि गेलं सव्वा वर्ष मला त्याचा अभिमान होता.

"आज मी बसते तिथे," मी म्हणाले.

"काम राह्यतीन तुये."

"राहू देत."

सिग्नल हिरवा झाला. मी तशीच होते. मागून एक हॉर्न, मग दुसरा.

"चाल माय," बाबा म्हणाले. त्यांनी मान वळवून माझ्या बाजूचा रस्ता पाहिला, मग स्वतःच्या बाजूचा. "सावकाश काढ. डावीकडून ई-रिक्षा घुसून राह्यला."